दुखणे यंत्राला सांगायचे, पण ऐकणार कोण?

भिवंडीतील आमचे एक कारखानदार मित्र गेल्या महिन्यात दुकानी आले ते हातात एक माहितीपत्रक घेऊनच. एका कंपनीचा माणूस त्यांच्याकडे येऊन गेला होता. योजना अशी, की कंबर, मान, गुडघे दुखणाऱ्या कामगारांसाठी आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट कारखान्यावर येईल. त्याआधी प्रत्येक कामगाराने एका नंबरवर फोन लावायचा. पलीकडे माणूस नसेल, यंत्र असेल. ते दहा-बारा मिनिटे प्रश्न विचारील, उत्तरे ऐकून घेईल आणि दुखण्याची सगळी हकीकत लिहून फिजिओच्या हाती ठेवील. मित्रांनी विचारले, "भाई, हो म्हणू का?"

आम्ही कापडाचे व्यापारी. थानाला हात लावून सुताचा नंबर सांगू, पण बोलणाऱ्या यंत्राविषयी आमची माहिती मोबाइलपुरतीच. तरीही विचारणारा जवळचा आणि प्रश्न कामगारांच्या तबियतीचा, म्हणून आम्ही चौकशीला लागलो. दोन फिजिओथेरपिस्टांशी बोललो, थोडे वाचले, आणि घरच्याच एका माणसावर हे यंत्र वापरून पाहिले. जे कळले ते वाचक बंधूंपुढे ठेवत आहोत, कारण असे माहितीपत्रक उद्या आपल्यापैकी कोणाच्याही दारी येऊ शकते.

हकीकत कशासाठी?

फिजिओथेरपी म्हणजे शेक, मालिश आणि चार व्यायाम, असा आपल्या वस्त्यांत सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चांगला फिजिओ अंगाला हात लावण्याआधी बराच वेळ विचारीत बसतो. दुखते नेमके कोठे आणि तेथून कोठे उतरते? केव्हापासून? बीम उचलताना एकदम उसण भरली की हळूहळू वाढत गेले? वाकल्यावर वाढते की उभे राहिल्यावर? सकाळी उठताना जास्त की पाळी सुटताना? रात्री दुखण्याने जाग येते का? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन होणार नाही असे धरले तर आज किती?

यातील एकही प्रश्न फालतू नाही. एकाचे दुखणे वाकल्यावर वाढते आणि चालल्यावर हलके होते. दुसऱ्याला चालल्यावर पायात गोळे येतात आणि बसले की थांबतात. दोघांचेही दुखणे कंबरेतूनच निघालेले असू शकते, पण एकाला मागे वाकण्याचे व्यायाम मानवतात तर दुसऱ्याला पुढे वाकण्याचे. अदलाबदल झाली तर त्रास वाढतो.

त्याहून महत्त्वाच्या असतात त्या गोष्टी, ज्यांचा दुखण्याशी संबंध नाही असे समजून मरीज त्या सांगतच नाही. खांदा आखडला म्हणून गेलेला माणूस साखरेचा विषय कशाला काढील? परंतु मधुमेह असणाऱ्यांमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर विजेच्या लहरींनी खोलवर शेक देणारे यंत्र त्या माणसाला लावता येत नाही. आणि ज्याच्या कातडीला गरम-थंड कळत नाही त्याला शेक देणे म्हणजे चटका देण्यासारखेच.

हे शेवटचे आमच्या घरी घडलेले आहे. आमच्या खाला सत्तरी ओलांडलेल्या. पाय दुखतात म्हणून त्यांना एका दवाखान्यात नेले. काउंटरवरच्या मुलाने इंग्रजी फॉर्म पुढे ठेवून विचारले, "शुगर आहे का?" खाला म्हणाल्या, "गोळी चालू आहे, आता काही नाही." मुलाने 'नाही'वर खूण केली. आम्ही शेजारीच उभे होतो. आमचे सारे शिक्षण उर्दू माध्यमातले, इंग्रजी छापील कागद समोर आला की अजूनही नजर घसरते, म्हणून आम्हीही सही करून मोकळे झालो. आत शेकाची पिशवी पायावर ठेवली गेली. खालांना ती गरम लागलीच नाही. घरी आल्यावर मोजा काढला तेव्हा घोट्यावर मोठा फोड दिसला. तो भरून यायला दोन महिने लागले. दवाखान्याचे नाव लिहीत नाही. चूक त्यांची होती तशी सही करणाऱ्याचीही होती.

यंत्र काय करते?

कॉम्प्युटरने मरीजाची हकीकत विचारण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. वॉर्नर स्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅलर्जीच्या मरीजांसाठी असा कार्यक्रम तयार केला आणि त्याचा वृत्तान्त १९६६ साली छापून आला. तेव्हा प्रश्न पडद्यावर वाचून उत्तर बटण दाबून द्यावे लागे, म्हणजे ज्याला वाचता येत नाही तो बाहेरच. आवाजामुळे हा अडसर दूर झाला. आजच्या यंत्रात तीन कामे एकामागून एक होतात. आधी आपले बोलणे अक्षरांत उतरते. मग त्या अक्षरांचा अर्थ लावून पुढचा प्रश्न ठरतो. मग तो प्रश्न आवाजात बोलला जातो. शेवटी सगळ्याचा एक-दोन परिच्छेदांचा गोषवारा फिजिओकडे जातो.

यंत्रांच्या दोन जाती आहेत, आणि विकत घेणाऱ्याने कोणती आहे हे विचारलेच पाहिजे. पहिल्या जातीत प्रश्न आधीच ठरलेले असतात. 'पायाला मुंग्या येतात का?' याला हो म्हटले तर एक वाट, नाही म्हटले तर दुसरी. ते रुक्ष वाटते, पण कोणता प्रश्न सुटणार नाही याची खात्री असते. दुसरी जात २०२२ नंतर पसरली. ती मोकळेपणी गप्पा मारते, आपले बोलणे धरून पुढचे विचारते. ऐकणाऱ्याला बरे वाटते, पण गप्पांच्या ओघात एखादा जरुरीचा प्रश्न राहून जाऊ शकतो. शहाणपणाची रचना दोन्हींची मिळून होते. बोलणे मोकळे असावे, पण पेसमेकर, साखर, गरोदरपण, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या असे दहा-पंधरा प्रश्न झाल्याशिवाय फोन संपू नये.

फायदा खरा आहे, तो नाकारता येणार नाही. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते, की मरीज आपली तक्रार सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतात. यंत्राला पुढच्या मरीजाची घाई नसते. दुसरे असे, की शरमेच्या गोष्टी माणूस यंत्राला लवकर सांगतो. कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठात पडद्यावरच्या बनावट बाईने लोकांना तब्येतीविषयी प्रश्न विचारले. ज्यांना हे निव्वळ यंत्र आहे असे सांगितले होते ते जास्त मोकळे बोलले, आणि ज्यांना यामागे माणूस बसला आहे असे सांगितले होते ते आवरून बोलले. हा अभ्यास २०१४ सालचा आहे. तो लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपली जबान यंत्राला कळते का?

गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा घातल्या. भारत सरकारने २०२२ मध्ये 'भाषिणी' सुरू केली, तिचा हेतूही भारतीय भाषांत बोलण्या-ऐकण्याची यंत्रे उभी करण्याचाच. म्हणजे मराठी यंत्राला अगदी परकी राहिलेली नाही. प्रश्न आहे तो कोणती मराठी आणि कोणती उर्दू. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या कारखान्यांत जी भाषा चालते तिचे एक पाऊल उर्दूत, दुसरे मराठीत, आणि कामगार पूर्वांचलचा असेल तर भोजपुरीचा हेल निराळाच.

यंत्र ज्यांच्या आवाजावर शिकले त्यांचेच बरोबर ऐकते, हे आता सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतील पाच बड्या कंपन्यांच्या यंत्रांची परीक्षा घेऊन २०२० साली संशोधकांनी दाखवून दिले, की गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे १९ चुका झाल्या, तर काळ्या लोकांच्या बोलण्यात ३५. भाषा दोघांचीही इंग्रजीच होती.

दुखण्याच्या शब्दांत तर ही अडचण दुप्पट होते. आपल्याकडे कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, आग वेगळी. उर्दूत टीस आहे, चुभन आहे, जलन आहे, अकडन आहे. फिजिओला यातच खूण सापडते. चमक आणि आग म्हटले की तो नसेचा विचार करतो, आखडले म्हटले की स्नायू आणि सांध्याचा. यंत्राने या सगळ्यांचे मिळून इंग्रजीत 'पेन' असे एकच भाषांतर केले तर सांगितलेले पाण्यात गेले. तसेच अवयवांचे. 'पाय दुखतो' म्हणजे मांडी, पोटरी, घोटा की तळवा? आपला पाय कंबरेखाली सुरू होतो तो बोटांपर्यंत जातो. म्हणून चांगले यंत्र 'पाय दुखतो' एवढ्यावर थांबत नाही, गुडघ्याच्या वर की खाली हे विचारते.

वेळेचा हिशेबही तसाच. कोणी तारीख सांगत नाही. 'बकरी ईदच्या आधीपासून', 'लग्नसराईत माल चढवला तेव्हापासून', 'सव्वा महिना झाला', 'अडीच वर्षं' असे सांगतो. उर्दूत 'कल' म्हणजे गेलेला दिवसही आणि येणाराही. ज्या यंत्राला सव्वा आणि अडीच कळत नाहीत त्याच्या गोषवाऱ्यावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट आमच्याशी बोललेल्या फिजिओताईंनी सांगितली. दुखण्यामुळे रोजचे काय अडते, हे विचारण्याच्या छापील प्रश्नावल्या बहुतेक परदेशात तयार झालेल्या आहेत. त्यांत खुर्चीवर बसणे, चालणे, प्रवास हे येते. पण आपला बुजुर्ग माणूस गुडघ्याचे दुखणे मोजतो ते सजद्यातून उठताना आणि देशी संडासात बसताना. 'नमाज खुर्चीवर बसून पढायला लागलो', या एका वाक्यात फिजिओला जे कळते ते दहापैकी किती आकडा यात कळत नाही. यंत्रात हे प्रश्न घालणे अवघड नाही, पण सांगितल्याशिवाय कोणी घालणार नाही.

'सून' आणि 'सुन्न'

आता प्रयोगाची हकीकत. खालांना दुसऱ्या एका फिजिओकडे न्यायचे होते आणि तिथे हे बोलणारे यंत्र होते. आम्ही दुकानातूनच फोन लावून खालांच्या हाती दिला. बाहेर हातगाड्यांचा गलका चाललेला. यंत्राने आधी सलाम-नमस्काराची विचारपूस केली, तेव्हा खाला खूश झाल्या. पायांचे विचारताच म्हणाल्या, "दोनों पाँव सुन्न रहते, बेटा, अंगठ्याचं तर समजतच नाही." पुढे साखर, गोळ्या, जुना फोड, सगळे सांगितले. यंत्राने मध्ये तोडले नाही. त्या आठ-नऊ मिनिटे बोलल्या.

शेवटी यंत्राने लिहिलेले वाचून दाखवले. साखर बरोबर, गोळ्या बरोबर, फोड बरोबर. आणि मग मोठ्या अदबीने म्हणाले, "आपल्या दोन्ही पायांना सून आहे." खाला इतक्या हसल्या की फोन हातातून पडायची वेळ आली. दोन सुना घरी आहेत त्या पुरेत म्हणाल्या. दुसऱ्यांदा हळू सांगितले तेव्हा 'सुन्न' उतरले.

हसण्याची गोष्ट, पण ज्या शब्दावरून गेल्या वेळी फोड आला होता नेमका तोच शब्द चुकला होता. वाचून दाखवले नसते तर फिजिओच्या कागदावर 'सुन्न' आलेच नसते. फोनवर ऑर्डर घेताना आपण काय करतो? पन्ना चव्वेचाळीस, रंग आसमानी, शंभर थान, असे सगळे उलट म्हणून दाखवतो आणि पलीकडून 'बरोबर' आल्याशिवाय वहीत घेत नाही. चव्वेचाळीसचे अठ्ठेचाळीस झाले तर माल परत येतो. शरीर परत पाठवता येत नाही.

ऐकण्यातल्या चुकीपेक्षा वाईट एक चूक असते, ती म्हणजे न बोललेले लिहिणे. 'व्हिस्पर' नावाचे आवाज उतरवणारे एक प्रसिद्ध यंत्र आहे, सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले. अमेरिकी संशोधकांनी त्याची तपासणी केली, तेव्हा शंभरात सुमारे एका ध्वनिफितीत त्याने मनाची आख्खी वाक्ये घातलेली आढळली, आणि बोलणारा मध्ये जास्त वेळ थांबला की हे जास्त घडते असे दिसले. २०२४ मधील हा निष्कर्ष. आता दुखण्याने कण्हणारा, आठवून आठवून बोलणारा म्हातारा मरीज थांबत थांबतच बोलणार. म्हणून गोषवारा मरीजाला त्याच्याच भाषेत वाचून दाखवावा आणि 'बरोबर' असे त्याने म्हटल्यावरच पुढे जावा, ही अट आम्ही सर्वांत वर ठेवतो.

थांबू नये अशी दुखणी

कंबरदुखी जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार २०२० मध्ये ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती. बहुतेकांची काही आठवड्यांत हलकी होते. पण थोड्यांची कंबरदुखी निराळी असते. कंबर दुखते आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठावे लागते, उशीर झाला तर नुकसान कायमचे. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे आणि पाठीचे दुखणे एकत्र असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी लागते.

हे प्रश्न बाईला परक्या पुरुषासमोर आणि पुरुषाला मुलीच्या वयाच्या फिजिओसमोर बोलणे कठीण. येथे यंत्राची खरी मदत होऊ शकते. पण 'हो' असे उत्तर मिळाल्यावर यंत्र पुढे काय करते? 'धन्यवाद, आपली वेळ शनिवारी आहे', असे म्हणत असेल तर ते यंत्र घातक. त्याने तेथेच थांबून आज इस्पितळात जा असे सांगितले पाहिजे आणि फिजिओच्या फोनवर तातडीचा निरोप गेला पाहिजे. कंपनीच्या माणसासमोरच फोन लावून हे उत्तर देऊन पाहावे, दोन मिनिटांत कळते.

यंत्राने औषध किंवा व्यायाम सांगू लागणे हेही चालू देऊ नये. भारत सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की अशा यंत्रांनी मरीजाला सल्ला देऊ नये व औषध लिहून देऊ नये, डॉक्टरला साहाय्य मात्र करावे.

मालकाने ऐकायचे नाही

आता मित्रांच्या कारखान्याकडे येतो. मागाच्या खटाट्यात आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो. तिथे उभे राहून यंत्राशी बोलणे शक्यच नाही, आणि ज्यांची वर्षे त्या आवाजात गेली त्यांतल्या अनेकांना ऐकूही कमी येते. मित्रांनी मेहताजींच्या खोलीत फोन ठेवायचे ठरवले होते. आम्ही म्हटले, हे तर सर्वांत वाईट. बारा तासांची पाळी करणारा, चार-सहा माग सांभाळणारा विणकर मेहताजींच्या टेबलाशेजारी उभा राहून 'माझ्या हाताला पकड राहत नाही, धागा सांधता येत नाही', असे सांगेल का? तो म्हणेल सगळे ठीक आहे. वर सांगितलेला २०१४ चा अभ्यास हेच सांगतो. मागे माणूस आहे असे वाटले की जबान आवरते. येथे तर मागे माणूस आहे, आणि तो पगार लिहिणारा आहे.

माहितीपत्रकात एक ओळ होती, की मालकाला दरमहा अहवाल मिळेल. कोणाच्या नावानिशी? मित्रांनी विचारले नव्हते. रोजंदारीच्या माणसाची पाठ गेली आहे हे मालकाच्या कागदावर आले की पुढच्या महिन्यात त्याचा माग दुसऱ्याला जातो, हे आपण सर्व कारखानदार-व्यापारी जाणतो, तोंडाने म्हणत नाही एवढेच. मालकाला फार तर इतके कळावे, की अमुक इतक्या लोकांना कंबरेचा त्रास आहे आणि कांड्या ठेवण्याची फळी हातभर वर घेतली तर वाकणे कमी होईल. नाव कळण्याचे कारण नाही.

कायदाही आता याच बाजूला झुकतो आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्यातील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू होतील असे ठरवले आहे. संमती मागताना ती कशासाठी हे साध्या भाषेत सांगावे लागेल, आणि ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय हवी. तीत मराठी आहे आणि उर्दूही आहे. संमती दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. आवाजाची ध्वनिफीत किती दिवस ठेवणार, कोणाला देणार, हेही विचारावे. आजकाल थोड्याशा आवाजावरून माणसाचा हुबेहूब नकली आवाज तयार करता येतो.

मित्रांनी आमच्या सांगण्यावरून कंपनीला कागदावर प्रश्न पाठवले. गोषवारा मराठीत आणि उर्दूत वाचून दाखवणार का? तातडीच्या उत्तरावर यंत्र काय करणार? अहवालात नावे असणार का? ध्वनिफीत कोठे राहणार? आणि फोनऐवजी माणसाशीच बोलायचे असेल तर ती सोय आहे का? तीन दिवसांनी कंपनीचा माणूस पुन्हा आला. नावे काढून टाकू म्हणाला, माणसाशी बोलण्याची सोयही करू म्हणाला. वाचून दाखवणे सध्या फक्त हिंदीत आहे, बाकीचे मुंबईच्या ऑफिसला विचारून सांगतो म्हणाला. फोन मेहताजींच्या खोलीतून निघून आता मशिदीच्या बाजूच्या वाचनालयात ठेवायचा असे ठरले आहे. उत्तर येईपर्यंत मित्रांनी सही केलेली नाही.